बालवाडीत करिअर आहे का?

गेले दोन वीकांत रिलीजमध्ये गेले, त्यामुळे इथे काहीच लिहिलं नाही. या शुक्रवारी मात्र ठरवून संध्याकाळची हुतात्मा पकडली आणि सोलापूर गाठलं. निमित्त होतं अप्पांचा फोन. आमचे अप्पा फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीत. जेवलास का, पाऊस आहे का, बरं ठेवतो. संपलं. गुरुवारी रात्री मात्र चांगले दहा मिनिटं बोलले आणि शेवटी म्हणाले, "ती माझं काही ऐकत नाही. तूच ये आणि सांग तिला."

ती म्हणजे आमची धाकटी. यंदा बीसीए झाली. कॅम्पसमधून पुण्यातल्या एका कंपनीत निवड झाली, वर्षाला ३ लाख ६० हजार. अप्पांचे पेढे वाटून झाले. आणि आता बाईसाहेब म्हणतात, मी जाणार नाही. मला बालशिक्षणाचा डिप्लोमा करायचाय आणि आईची बालवाडी चालवायचीय.

आईची बालवाडी म्हणजे शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली आणि समोरचं पत्र्याखालचं अंगण. २४ वर्षं चालू आहे. पहिल्या बॅचचा विद्यार्थी मीच. बाहेर बोर्डबिर्ड काही नाही. गल्लीत "बाईंचं घर कुठं ओ?" असं विचारलं की कोणीही दाखवतं.

गाडीत बसून मी मुद्दे काढले. (सवय! मुद्दे न काढता मीटिंगला गेलं की कसंतरीच होतं.) मुद्दा एक, पैसा. मुद्दा दोन, दोन वर्षं नोकरी कर, मग बघू. मुद्दा तीन, बालवाडी काय पळून जातेय? दौंड येईपर्यंत सगळं तयार होतं. कुर्डुवाडीला तर मी मनातल्या मनात तिला पटवूनही झालो होतो.

शनिवारी सकाळी साडेनऊला बालवाडी भरली. मदतनीस मावशी उशिरा येणार होत्या, धाकटी बाजारात गेली होती, आणि आईला लाइटबिलाच्या भानगडीसाठी वीस मिनिटं बाहेर जायचं होतं. म्हणाली, "बस जरा इथं. काही करायचं नाही, फक्त बघ."

काही करायचं नाही! ३२ मुलं होती. पहिली पाच मिनिटं ती माझ्याकडे बघत होती. मग एकाने दुसऱ्याच्या डब्यातली चपाती ओढली. तिसरी रडायला लागली, का ते तिलाच माहीत. तिचं बघून अजून दोघं. एक मुलगी माझ्याजवळ येऊन तेलुगूत काहीतरी सांगत होती, ते मला कळलं नाही, आणि कळलं तोवर उशीर झाला होता. (फरशी पुसावी लागली.) शेवटी मी जे पुण्यातले सगळे आईबाप करतात ते केलं, मोबाइलवर व्हिडिओ लावला. मग मोबाइल कोणाच्या हातात यावरून मारामारी.

मी कंपनीत नऊ जणांची टीम सांभाळतो. प्रॉडक्शन सर्व्हर रात्री दोनला पडला तरी माझा आवाज चढत नाही. इथे वीस मिनिटांत घाम फुटला.

आई आली. कोणाला ओरडली नाही. खाली बसली आणि स्टीलच्या डब्यावर बोटांनी ताल धरला. जवळची चारपाच वळली, मग बाकीची. मिनिटभरात गोल झाला. मग पाण्याचा पेला हातात घेऊन विचारलं हे काय, आणि आलेली सगळी उत्तरं घेतली. पाणी, नीळ्ळु, नीरु, पानी. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू चारही घरं आहेत आणि आईच्या वर्गात चारही उत्तरं बरोबर असतात. पुढच्या पाच मिनिटांत 'प'ने सुरू होणारे शब्द कोणते, इथपर्यंत गाडी आली. शिकवतोय असं कुठेही वाटलं नाही.

दुपारी जेवताना मी नेहमीसारखं म्हटलं, "आई, तुला हे उपजतच येतं." आई नुसती हसली. धाकटी मात्र खवळली. म्हणाली, "उपजत? तुला त्या निळ्या शर्टवाल्याचं सांगू का?"

निळ्या शर्टवाला साडेतीन वर्षांचा आहे. बोलतो कमी, म्हणून घरचे म्हणत होते की बापावर गेलाय, तोही उशिरा बोलला. आईच्या लक्षात आलं ते वेगळंच. डबा वाजला की हा पण वळतो, पण सगळे वळल्यावर वळतो. म्हणजे आवाज ऐकून नाही, बाकीच्यांना बघून. मग तिने दोनतीन दिवस तो पाठमोरा असताना ताटली पाडून पाहिली, नावाने हळू हाक मारून पाहिली. त्याच्या आईला सांगितलं, कान दाखवून घ्या. ती बाई विड्या वळते. मजुरी हजार विड्यांवर ठरते, दिवस दवाखान्यात गेला की तेवढी मजुरी बुडते. "बघू की बाई" म्हणत दोन आठवडे गेले. शेवटी धाकटी तिला बरोबर घेऊन सरकारी दवाखान्यात गेली, रांगेत उभी राहिली, कागद करून आणला. पडद्यामागे पाणी साचलंय, ऐकू कमी येतंय, उपचाराने सुधारेल असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढच्या तपासणीची तारीख धाकटीच्या मोबाइलमध्ये रिमाइंडर म्हणून लावलेली आहे.

हेच काम एखाद्या मोठ्या संस्थेत कोणी केलं असतं तर त्याला स्क्रीनिंग, रेफरल, फॉलो-अप अशी नावं असती आणि स्लाइडवर तीन बाण असते. साडेतीनाव्या वर्षी हे कळणं आणि सातव्या वर्षी कळणं यात किती फरक आहे ते वेगळं सांगायला नको. भाषा शिकायचं वय निघून गेल्यावर कान दुरुस्त होऊनही मूल मागेच राहतं. आपल्या धंद्यात म्हणतात ना, बग जितका उशिरा सापडेल तितका महाग. (आयटीवाल्याला सगळीकडे बगच दिसतात, माफ करा.)

माझे तिन्ही मुद्दे तिथेच ढासळले असं म्हणणार नाही. पैशाचा मुद्दा शाबूत होता. म्हणून शनिवारी रात्री धाकटी आणि मी एक्सेल उघडून बसलो. तुमच्यापैकी ज्यांना 'करिअर बदलावं का' असं अधूनमधून वाटतं त्यांच्यासाठी आकडे देतो.

बालवाडीची फी महिन्याला ५०० रुपये. ३२ मुलांचे १६ हजार झाले पाहिजेत, प्रत्यक्षात हातात येतात १३ हजारांच्या आसपास, कारण चारपाच घरांकडून आई मागतच नाही. मावशींचे ३ हजार, खाऊ, कागद, रंग, वीज यांचे २ हजार. उरले ८ हजार. तेही वर्षातले दहा महिने. जागा घरची म्हणून भाडं नाही.

पुण्यात धाकटीच्या हातात महिन्याला २५ हजारांच्या आसपास पडतील. त्यातून पीजी, मेस आणि येणंजाणं यांचे १२-१३ हजार वजा करा. उरले १२ हजार. म्हणजे आजचा फरक महिन्याला चारेक हजारांचा. अप्पांना वाटत होता तेवढा नाही. मीही चकित झालो.

पण मग मी दहा वर्षांनंतरचा रकाना काढला, आणि खरा फरक तिथे दिसला. आयटीत दहा वर्षांनी पगार कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहे. (एआयने काय वाढून ठेवलंय ते माहीत नाही, पण मागचा अनुभव तरी असा आहे.) बालवाडीचं काय? आईचा अनुभव २४ वर्षांचा. पहिल्या वर्षी आली असती तर निळ्या शर्टवाल्याची गोष्ट तिच्याही लक्षात आली नसती, असं ती स्वतः म्हणते. पण फी वाढली ती महागाईमुळे वाढली, आईच्या अनुभवामुळे नाही. उद्या कोणी नवखी मुलगी शेजारच्या गल्लीत बालवाडी काढेल तर तीही ५०० च घेईल.

मला वाटतं करिअर आणि काम यातला फरक एवढाच आहे. करिअरमध्ये अनुभवाला किंमत असते. दहा वर्षांनी तुम्ही जास्त जाणता म्हणून तुम्हाला जास्त मिळतं, पुढची पायरी असते, त्या पायरीला नाव असतं. बालशिक्षणात भरपूर काम आहे, लाखो लोकांना पुरेल एवढं. पायऱ्या मात्र जवळजवळ नाहीत.

का नाहीत? कारण माझ्यासारखे लोक म्हणतात, "तुला उपजतच येतं." जे उपजत येतं त्याला शिक्षण कशाला, आणि पगार तरी कशाला?

गंमत म्हणजे आपल्याकडे या कामाची सुरुवात ज्यांनी केली त्यांचा असा समज अजिबात नव्हता. गिजुभाई बधेका वकिली करत होते. ती सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये बालमंदिर काढलं. गुजरातेत त्यांना 'मूछाळी माँ' म्हणजे मिशावाली आई म्हणतात. ताराबाई मोडक मुंबईत शिकून पदवीधर झालेल्या, राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयात प्राचार्य होत्या. तिथून त्या गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर गेल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही तिथलीच. आणि या मंडळींनी शिक्षिका घडवण्याचे वर्ग चालवले, मासिक चालवलं, साधनं तयार केली. म्हणजे हे शिकायचं, सराव करायचं आणि सुधारत न्यायचं काम आहे असंच ते धरून चालले. ज्या मारिया मॉन्टेसरीचा त्यांच्यावर प्रभाव होता ती तर मुळात इंजिनिअर व्हायचं म्हणून तांत्रिक शाळेत गेली होती, नंतर डॉक्टर झाली. (आपल्यापैकी एक जण तरी सुटला!)

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. योग्यच झालं. पण आपण त्यांच्याकडून काय घेतलं? त्याग घेतला. शाळेत अनुताईंवर निबंध लिहिताना आम्ही 'त्यागमूर्ती' शब्दाखाली रेघ मारायचो. त्यांच्या कौशल्याखाली रेघ कोणी मारायला सांगितली नाही.

सरकारनेही तेच केलं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली, त्यातला महाराष्ट्रातला प्रकल्प मेळघाटात धारणीला होता. आज एकट्या महाराष्ट्रात १ लाख १० हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. सेविकेकडे कामं बघा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या दवाखान्याकडे पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि तीन ते सहा वयाच्या मुलांचं शिक्षण. सहा सेवा, एक बाई, एक मदतनीस. आणि पैशाला नाव काय, तर मानधन. वेतन म्हटलं की श्रेणी येते, भविष्यनिर्वाह निधी येतो, निवृत्तिवेतन येतं. मानधन म्हटलं की आभार मानून भागतं. केंद्राने ठरवलेलं मानधन १ ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला ४,५०० आणि मदतनीसाला २,२५० रुपये झालं, राज्य त्यावर आपली भर घालतं. ग्रॅच्युइटी मिळू शकते हे ठरायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. म्हणजे योजना सुरू झाल्यावर ४६ वर्षांनी. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यातल्या सेविका संपावर गेल्या आणि ५० दिवसांहून जास्त दिवस राहिल्या. त्या काळात आपल्यापैकी किती जणांना काही जाणवलं? मला नाही जाणवलं. आई आणि धाकटी मात्र रोज बोलत होत्या, कारण गल्लीतली दहा मुलं त्या दिवसांत आमच्या अंगणात येऊन बसत होती.

इथे कोणी म्हणेल, सोपं आहे, फी वाढवा. पुण्यात डे-केअरला लोक १२-१५ हजार देतातच की! मीही धाकटीला हेच म्हटलं. ती म्हणाली, "विडी वळणाऱ्या बाईकडून हजार घेऊ?" आणि हा प्रश्न आमच्या गावाला फार जुना आहे. सोलापूर गिरण्यांचं, मागाचं आणि विडीचं गाव. बायका इथे कायमच कमावत आल्या. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराचं कलम होतं, विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा झाला त्यातही होतं. पण कलम कारखान्याच्या जागेला. बाई घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळते तेव्हा पोर तिथेच तंबाखूच्या वासात रांगत असतं, आणि तिच्या उंबऱ्यापर्यंत कोणतं कलम पोचत नाही. ती पोरं आईने अंगणात आणून बसवली. पैसे कुठून आले? अप्पांच्या पगारातून. अप्पा पतसंस्थेत क्लार्क होते. म्हणजे २४ वर्षं शुक्रवार पेठेतल्या एका बालवाडीला एका क्लार्कच्या पगाराचं अनुदान होतं, फक्त कोणी तसं लिहून ठेवलं नाही. अप्पा चिडतात ते उगीच नाही. त्यांना पोरीच्या बाबतीत तोच हिशोब परत दिसतोय, फक्त या वेळी क्लार्क कोण असेल ते माहीत नाही.

म्हणून माझं मत असं, की गरीब घरांतल्या मुलांच्या बालशिक्षणाचा पैसा आईबापांच्या फीतून येणार नाही, सेवाभावातूनही येऊ नये. तो सार्वजनिक पैशातून आला पाहिजे, आणि पगार म्हणून आला पाहिजे. हे स्वप्नरंजन नाही. तमिळनाडूने अंगणवाडी सेविकांना विशेष वेतनश्रेणी दिलेली आहे. आणि या पैशाचा परतावाही मोजला गेलाय. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९६२ मध्ये पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला. गरीब घरांतली १२३ मुलं, त्यातल्या ५८ जणांना बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. पुढे कित्येक वर्षं दोन्ही गटांचा माग ठेवला. नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब केला, तर वर्षाला ७ ते १० टक्के परतावा निघाला. हा आकडा आपल्याकडे प्रत्येक भाषणात येतो. पण त्याच प्रयोगातल्या शिक्षिका प्रशिक्षित होत्या, पाचसहा मुलांमागे एक होती आणि दर आठवड्याला मुलाच्या घरी जात होती, हे भाषणात येत नाही. परतावा पेरीचा हवा आणि खर्च मानधनाचा, असं चालतं का?

कायद्यातही ही फट आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, तो ६ ते १४ वर्षांसाठी. सहाच्या आतल्या मुलांसाठी २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम ४५ मध्ये राज्याने 'प्रयत्न करावा' असं आलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पहिल्यांदा ३ ते ८ हा एक सलग टप्पा मानला आणि बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचं, त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचं प्रशिक्षण सुचवलं. चांगलं आहे. फक्त प्रशिक्षणानंतर पगाराची कोणती पायरी, हे लिहायचं राहिलं.

आता ज्यांना खरंच या क्षेत्रात यायचंय त्यांच्यासाठी, धाकटीने गोळा केलेल्या माहितीतून थोडं. बारावीनंतर इग्नूचा दूरशिक्षणाने होणारा बालशिक्षणाचा डिप्लोमा आहे, काम करत करता येतो. सरकारी बाजूला मुख्यसेविका आहे, आणि बालविकास प्रकल्प अधिकारी हे पद एमपीएससीतून भरतात. समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलं तर कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहं असे रस्ते आहेत. वाचा-श्रवण तज्ज्ञ, विशेष शिक्षक यांची गरज जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत असते. निळ्या शर्टवाल्यासारखी मुलं शेवटी तिथेच पोचतात. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस ही संस्था बांधकामाच्या साइटवर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवते. तुमचं-माझं ऑफिस ज्यांनी बांधलं त्यांच्या मुलांसाठी. जिथे पदवी, परीक्षा आणि श्रेणी आहे तिथे करिअर आहे. मुलाच्या जितकं जवळ जाल तितका पगार कमी होत जातो, हेही या यादीवरून दिसेल. मूल रोज जिच्या मांडीवर बसतं तिला सगळ्यात कमी.

आणि ज्यांना यायचं नाही, म्हणजे आपण बहुतेक सगळे, त्यांच्यासाठी एक विनंती. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता डे-केअरला जायच्या वयाची होतायत. बघायला गेलो की आपण विचारतो सीसीटीव्ही आहे का, एसी आहे का, इंग्रजी बोलतात का. मागच्या महिन्यात मित्राबरोबर एका ठिकाणी गेलो तेव्हा मीही हेच विचारलं. एक प्रश्न अजून विचारा. इथल्या ताईंना पगार किती, आणि त्या इथे किती वर्षं टिकतात? ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तुमच्या कंपनीत ती सोय कंत्राटाने दिली असेल तर एचआरला विचारा, त्या कंत्राटात सांभाळणाऱ्या बाईचा पगार किती धरलाय? उत्तर बहुधा मिळणार नाही. पण चार जणांनी विचारलं तर कोणीतरी शोधायला लागेल.

धाकटीचं काय झालं, तर रविवारी सकाळी तिने कंपनीला नकाराचा मेल पाठवला. मी तिला जा म्हणालो नाही आणि राहा असंही म्हणालो नाही. एक्सेल तिच्यासमोर ठेवलं आणि दहा वर्षांचा रकाना परत दाखवला. ती म्हणाली, "दिसतंय मला. पण तो रकाना तसाच राहील असं तू का धरतोस?" डिप्लोमा करणार, मग एमएसडब्ल्यू, तोवर बालवाडी. तीन वर्षांनी हिशोब परत मांडायचा आणि जमत नसेल तर मोकळेपणाने सोडायचं, एवढं मात्र मी कबूल करून घेतलं. मी दर महिन्याला काही पैसे पाठवतो म्हटलं तर म्हणाली, "नको. म्हणजे परत तेच, अप्पांच्या जागी तू." मग बोलणंच खुंटलं.

जाताना तिने माझ्या एक्सेलमधली एक चूक दाखवली. पुढच्या वर्षी फी थोडी वाढवली तर तिचे किती सुटतील ते मी काढलं होतं, महागाई धरली होती, रंग-कागद वाढवले होते. मावशींचे ३ हजार मात्र तीन वर्षं तसेच ठेवले होते. सकाळभर मानधनावर भाषण देऊन! गपचूप आकडा बदलला. धाकटीचा उरलेला आकडा अजून खाली आला.

अप्पा स्टेशनवर सोडायला आले नाहीत. मी बाहेर पडताना अंगणात बसून सोमवारसाठी पेन्सिलींना टोक करत होते. म्हणाले, "सांग म्हटलं होतं, तर तूच ऐकून चाललास." काय बोलणार? आईने शेंगाचटणीचा डबा बॅगेत कोंबला आणि मी रिक्षात बसलो.

असो. निळ्या शर्टवाल्याची पुढची तपासणी पंधरा तारखेला आहे. रिमाइंडर मी माझ्याही मोबाइलमध्ये लावून घेतलाय.